येणे-देणे

यादी मोहन्याची आहे. कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीत बसलं की आधी शहाड, मग आंबिवली, आणि आंबिवलीला उतरलं की मोहने. उल्हास नदी, काठावरचं आगरी-कोळ्यांचं जुनं गाव, एनआरसीचा रेयॉनचा कारखाना, कारखान्याची कॉलनी आणि या सगळ्यांच्या मधल्या जागेत बाजार. अशा ठिकाणी कोण कोणाचं किती लागतं, हे सांगायला पुष्कळ शब्द लागत. त्यातले काही गेले, काही जायच्या वाटेवर आहेत, काही शिल्लक आहेत पण वेगळ्याच कामाला लागलेत. काही शब्द मोहन्याच्या वेशीबाहेरचेही घेतलेत, कारण कर्ज वेस मानत नाही.

उसनं. वाटीने जायचं, वाटीने यायचं. साखर, चहापत्ती, बेसन. परतीची वाटी थोडी शिगेला भरलेली असे. ते व्याज नव्हतं; कोणी आपल्याला हात आखडता म्हणू नये एवढंच. दिवेलागणीनंतर मीठ नाही, दही नाही, सुई नाही. विरजण मात्र सर्रास उसनं नेलं जाई आणि ते कोणी परत केल्याचं ऐकिवात नाही. शेजारणीचं दही त्या हिशोबाने अजून आपल्याकडेच लागत असेल. आता कोथिंबिरीची जुडीसुद्धा मोबाईलवरून दहा मिनिटांत दारात येते. उसनं राहिलं ते फक्त हसू आणि अवसान.

हातउसने. पैशाचं उसनं. कागद नाही, व्याज नाही, तारीखही मोघम: "पगार झाला की देतो." असे पैसे वसूल करायला कायदा तीन वर्षं देतो. हातउसन्याची खरी मुदत देणाऱ्याच्या बायकोच्या धीराएवढी. यातली गंमत अशी की संकोच घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याला जास्त. तो समोरून येताना दिसला की देणाराच दुसऱ्या फुटपाथला लागायचा, कारण मागायचं कसं! बँकेला हा संकोच नाही, आणि वसुलीवाल्या एजंटाला तर शब्दही ठाऊक नसेल.

खाते. लाल कापडी बांधणीची लांबोडी वही दुकानदाराकडे, आणि चुरगळलेली छोटी डायरी गिऱ्हाइकाकडे. "मांडा" एवढं म्हटलं की काम झालं. "लिहून ठेवा" म्हणणारा नवखा. जुनं गिऱ्हाईक तेवढंही म्हणत नसे, पिशवी उचलून चालू लागे. या वहीचा महिना कॅलेंडरचा नव्हता. 1936 च्या वेतन अदायगी कायद्यात हजाराच्या आत कामगार असतील तर पगार 7 तारखेच्या आत, हजार किंवा जास्त असतील तर 10 तारखेच्या आत द्यायची सवलत होती. मोठ्या कारखान्याच्या गावाचा किराणा त्यामुळे दहा तारखेला उजाडायचा आणि पुढच्या नऊ तारखेला मावळायचा. तेलाचा डबा कोणत्या आठवड्यात घ्यायचा, पाहुण्यांना कधी बोलवायचं, हे दिल्लीत बसून कोणीतरी कलमात ठरवून ठेवलेलं होतं.

तगादा लावायची दुकानदाराची भाषा पाहण्यासारखी. "वहिनी, पाडव्याला वही बदलायचीय." बस. जुन्या वहीतली बाकी नव्या वहीत ओढावी लागू नये, एवढीच त्याची इच्छा. आणि ती समजून घेणं एवढीच वहिनींची लाज. आता काउंटरवर क्यूआर कोड आहे, पैसे आल्याचं खोकं मोठ्याने ओरडून सांगतं. उधारी संपली असं नाही. ती ॲपमध्ये गेली आहे आणि ॲप परस्पर मेसेज पाठवतं: तुमची इतकी रक्कम बाकी आहे, भरण्यासाठी इथे दाबा. वहिनी ते वाचतात, दुकानदाराने सांगितलेलं नसतं, पण वहिनींना ते त्यानेच म्हटल्यासारखं लागतं. दोघेही मग जरा तुटक बोलतात.

टक्का. बाजारात "तीन टक्क्यांनी घेतले" म्हणजे दर महिन्याला शेकडा तीन, वर्षाला 36. बँकेतले बारा टक्के हे वर्षाचे. एकच शब्द, मध्ये बारा पटींचं अंतर. बँकेचे बारा महाग आणि शेठचे तीन स्वस्त, असं मनोमन धरून चालणारी शहाणीसुरती माणसं अजून भेटतात.

काबुली. याच्या नावाने पोरांना झोपवत असत. मुंबईच्या गिरण्यांच्या गेटावर पगाराच्या दिवशी काठी घेऊन उभा राहणारा पठाण सावकार. रुपयाला महिना एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा पाऊणशे. 1931 च्या व्हिटली आयोगाने शिफारस केली, की वसुलीसाठी असा कारखान्याला वेढा घालून बसणं हा गुन्हा ठरवावा. काबुली गेला. त्याची गेटावरची जागा पुढे पतपेढीने घेतली. ती गेटाच्या आत गेली आणि पगाराच्या चिठ्ठीतच जाऊन बसली.

जामीन. आज हा शब्द ऐकला की तुरुंग आठवतो. जामीन मिळाला, जामीन फेटाळला. जामीन राहणं ही वेगळीच गोष्ट होती. कामगारांच्या सहकारी पतपेढीतून कर्ज काढायचं तर दोन सभासद जामीनदार हवेत, त्याच कारखान्यातले, कायम. मुलीच्या लग्नाआधी माणूस पाळी सुटल्यावर सहकाऱ्यांच्या मागे हिंडत असे आणि सहकारी त्या दिवसांत मागच्या वाटेने घरी जात. शेवटी सही मिळायचीच. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, पण अर्ध्या गावाच्या मुलींची लग्नं तिनेच लावली. अ हा बला जामीन, ब हा कला, क परत अला. सगळ्यांचा पगार चालू आहे तोवर ही साखळी पोलादी. पगार थांबला की त्याच दिवशी सगळे कर्जदार आणि सगळे जामीनदार एकाच रांगेत उभे.

गहाण. सोन्याचं अजून आहे, आणि आता त्याच्या जाहिरातीत नट असतात. गेलं ते भांड्यांचं गहाण. जूनमध्ये शाळा उघडायची, पाऊस लागायचा, कौलं शाकारायची. पितळेचा हंडा, तांब्याचं घंगाळ बाजारात जायचं आणि दिवाळीच्या आत सोडवून आणायचं. भांड्यावर नाव घातलेलं असे, हौसेने, लग्नाच्या तारखेसकट. गहाण ठेवताना तेच नाव उपयोगी पडे: पन्नास हंड्यांतून आपला ओळखता येई. स्टीलच्या भांड्यांवरही नावं घातली गेली, पण स्टील कोणी गहाण घेत नाही.

याचाच एक फार देखणा भाऊबंद कागदोपत्री जिवंत आहे: नजरगहाण. वस्तू कर्जदाराकडेच राहते, सावकाराची फक्त नजर तिच्यावर. घरासमोर लावलेली हप्त्यावरची रिक्षा बघा.

दामदुप्पट. याचं जे झालं ते कोणत्याच शब्दाचं होऊ नये. मूळचा हा कर्जदाराच्या बाजूचा नियम. व्याज साचत साचत मुद्दलाइतकं झालं की तिथे थांबायचं. एका वेळी मुद्दलाच्या दुपटीहून जास्त मागता येणार नाही. मनुस्मृतीत हा दंडक आहे आणि इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीही तो हिंदू कर्जदारांना लागू केला. सावकाराला घातलेली वेसण होती ती. आज पेपरात हा शब्द एकाच जागी सापडतो: "दामदुप्पट परताव्याचे आमिष दाखवून फसवणूक." कल्याण-डोंबिवलीच्या पानावर तर वारंवार. कर्जदाराला वाचवणाऱ्या शब्दाने ठेवीदाराला बुडवायची नोकरी धरली आहे.

रोखा. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली आणि दंगा आसपासच्या तालुक्यांत पसरला. त्यांना हवे होते ते कर्जरोखे; जिथे सावकाराने ते काढून दिले, तिथे जाळून माणसं परत फिरली. चार वर्षांनी, 1879 मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. आता कर्जरोखे सरकार आणि महापालिका काढतात, आणि ते जाळण्यात काही अर्थ नाही, कारण ते कागदावर नसतातच.

तगाई. विहिरीला, बियाण्याला, बैलाला सरकारी कर्ज. 1883 आणि 1884 चे दोन कायदे त्यासाठी होते. आजोबांच्या पिढीबरोबर गेली.

सावड आणि इर्जिक. दोन्ही कामाची कर्जं, पण जात वेगळी. सावड म्हणजे दिवसाला दिवस: आज तुम्ही माझ्या आवणीला या, परवा मी तुमच्या. इर्जिकेत परतफेड नाही. गाव नांगर घेऊन येतो, एका दिवसात शेत उरकतो, आणि मालकाने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. तिथे हिशोब मिटला. सावडीला आठवण लागते, इर्जिकेला मोठं पातेलं. आटाळी, वडवली, बल्याणी या मोहन्याच्या शेजारच्या गावांची भातखाचरं महापालिकेच्या हद्दीत आली, खाचरांच्या जागी चाळी उभ्या राहिल्या, मग इमारती. माझ्यापुरतं बोलायचं तर सावड हा या यादीतला सर्वांत हुशार शब्द. कर्ज आहे, पण व्याज नाही. नोंद आहे, पण वही नाही. आणि फेडायला पैसे लागत नाहीत, पाठ लागते.

लग्नगडी. हा शब्द गेला हे उत्तम झालं. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या डहाणू, उंबरगाव भागात वारली माणूस लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घेई आणि ते फिटेपर्यंत बायकोसह त्याच्याकडे राबे. फिटायचे नाहीतच. 1945 मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या बरोबरीने वारली उभे राहिले तेव्हा ही गडीपद्धत मोडायला लागली. गोदावरीबाईंनी ती हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये लिहून ठेवली आहे. 1976 साली वेठबिगारी देशभर कायद्याने बंद झाली. कायद्यानंतरही ठाणे जिल्ह्यात वेठबिगार सापडत राहिले, सोडवले जात राहिले.

त्याचे सौम्य नातेवाईक मात्र नांदतात. उचल: वीटभट्टीवर जाण्याआधी जोडप्याला मिळून दिलेली रक्कम. खर्ची: आठवड्याला पोटापुरते हातावर ठेवलेले पैसे. पावसाआधी हिशोब बसतो, आणि हिशोबात उचल, खर्ची, पडलेले दिवस, पावसाने भिजलेल्या विटा असं सगळं येतं. उरतं ते बरेचदा पुढच्या हंगामाच्या उचलीत. कल्याण-भिवंडीच्या भट्ट्यांवरच्या कातकरी घराला हे समजावून सांगावं लागत नाही.

खावटी. पावसाळ्यातले काम नसलेले महिने काढायला आदिवासी कुटुंबाला सरकारी महामंडळाचं कर्ज, काही रोख, काही धान्य. नावातच उद्देश: खाण्यासाठी. 2020 मध्ये कोरोनाच्या काळात सरकारने ते अनुदान केलं, कुटुंबाला 4000 रुपये, निम्मे रोख आणि निम्म्याचा किराणा. खाण्यासाठी घेतलेलं कर्ज परत मागू नये, हे कळायला साथ यावी लागली.

आहेर. मांडवाच्या तोंडाशी टेबल, वही, गोंदाची बाटली आणि अक्षर बरं असलेला भाचा. पाकीट उघडायचं, रक्कम मोठ्याने वाचायची, लिहायची. ही वही कपाटात दागिन्यांच्या खाली. समोरच्याच्या घरी कार्य निघालं की ती बाहेर निघे: त्यांनी 21 केले होते, आपण 51 करू. महागाई तिथे अर्थतज्ज्ञाविना मोजली जाई. आगरी घरांत हळदीच्या रात्रीचं वेगळं, लग्नाचं वेगळं, मामाचं तर वेगळंच खातं. हल्ली पत्रिकेवर छापतात, "कृपया आहेर आणू नये." चांगली गोष्ट आहे. फक्त त्यामुळे यापूर्वी दिलेला आहेर परत यायची वाट बंद होते, याबद्दल कोणी उघड बोलत नाही.

मिंधा. उपकाराखाली मान खाली गेलेला. घरगुती शब्द होता: "मला कोणाचं मिंधं राहायचं नाही," असं म्हणणाऱ्या बायका हातउसने घेण्याऐवजी पाटल्या मोडत. बोलण्यातून जवळजवळ गेला होता. 2022 नंतर राजकारणाने, त्यातही ठाण्याच्या राजकारणाने, तो शिवी म्हणून परत आणला. आता शाळकरी पोरांनाही माहीत आहे, पण त्यांना वाटतं ते एका गटाचं नाव आहे.

ऋण. शाळेत हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो गणितात, शून्याच्या डावीकडे. मग विज्ञानात ऋणभार. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण हे फार पुढे, आणि तेही भाषण स्पर्धेत. पुस्तकाच्या सुरुवातीला ऋणनिर्देश असतो. तिथेच काय तो माणूस अजून आपण होऊन, न मागता, यादी करून सांगतो की मी कोणाकोणाचं लागतो. बायकोचं नाव शेवटी.

फेडणे. या क्रियापदाची मला जास्त चिंता आहे. कर्ज फेडायचं, नवस फेडायचा, आईबापांचे पांग फेडायचे. गाठ सोडवायची ती फेडायची, तसंच हेही. आंबिवलीच्या पुढचं स्टेशन टिटवाळा. महागणपतीला लग्नाचा नवस बोलणाऱ्यांची गर्दी मंगळवारी याच गाडीत असते, आणि नवसाला तीन वर्षांची मुदत नाही, तो नातवाला फेडावा लागतो. पण लोन कोणी फेडत नाही. लोन भरतात. हप्ता भरतात, ईएमआय भरतात, वीजबिल भरावं तसं. कर्ज फिटायचं, त्या दिवशी घरात काहीतरी गोड व्हायचं. लोन क्लोज होतं, आणि त्याच आठवड्यात फोन येतो की तुम्हाला टॉप-अप मंजूर आहे.

देणी. मोहन्यात हा शब्द अजून रोज बोलला जातो. एनआरसीला नोव्हेंबर 2009 मध्ये टाळं लागलं. कामगार चार हजारांवर. तेव्हापासून "देणी" म्हणजे काय हे इथे कोणाला विचारावं लागत नाही: थकलेला पगार, ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी, रजेचे पैसे. ग्रॅच्युइटीचं गणित पानाच्या टपरीवरही तोंडपाठ: शेवटच्या पगाराला 26 ने भागा, 15 ने गुणा, मग नोकरीच्या वर्षांनी गुणा. 1972 च्या कायद्यात ते तसंच होतं.

पण शब्द नीट पाहा. वहीला दोन बाजू असतात, येणे आणि देणे. दुकानदार म्हणतो, माझं येणं आहे. सावकार म्हणतो, माझं येणं आहे. पतपेढीसुद्धा तेच म्हणते. कामगार मात्र म्हणतो, "आमची देणी." स्वतःच्या पैशाला तो कंपनीच्या बाजूच्या शब्दाने हाक मारतो. पेपरवाले तसंच छापतात, पुढारी तसंच बोलतात, युनियनच्या फलकावर तेच रंगवलेलं असतं. सबंध महाराष्ट्रात, गिरणीपासून साखर कारखान्यापर्यंत, हीच बोली. "आमचं येणं" म्हटलं की मागणारा ताठ उभा राहतो. "आमची देणी" म्हटलं की देणाऱ्याच्या मनावर आलं. देणी आणि देणगी यांत अंतर एका अक्षराचं.

2016 च्या दिवाळखोरी कायद्याने तर आणखी एक विनोद केला. कंपनी त्या प्रक्रियेत गेली की कामगाराला आपल्या पैशाचा दावा ठराविक नमुन्यात, फॉर्म डी मध्ये, दाखल करावा लागतो. त्या क्षणी तो कायद्याने धनको होतो. जन्मभर किराणावाल्याचा, पतपेढीचा, हातउसन्यांचा ऋणको. आणि धनको झाला तो पगार थांबल्यावर. कंपनी मोडीत काढायची वेळ आली तर रांग ठरलेली आहे: आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारण घेतलेल्या बँका आणि त्यांच्या बरोबरीने कामगारांची मागच्या 24 महिन्यांची देणी. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचा निधी या वाटणीच्या बाहेर ठेवायचा असतो. कायदा कागदावर वाईट नाही. वय त्याच्यासाठी थांबत नाही एवढंच. ज्यांनी दावा केला त्यातल्या कितीकांच्या जागी आता वारस उभे आहेत, दाखल्यांच्या झेरॉक्स घेऊन.

हिशोब. कामगारांच्या तोंडी "त्याला हिशोब दिला" म्हणजे कामावरून काढलं. "हिशोब घेतला" म्हणजे आपण होऊन सोडलं. "हिशोब झाला नाही" म्हणजे मोहने.

बेबाकी. बाकी काही नाही, असा दाखला. सेवा सोसायट्या तो अजून देतात, नव्या कर्जासाठी लागतो. बाकी सगळीकडे त्याचं नो ड्यूज झालं आहे. कारखाना सोडणाऱ्याला एक कागद घेऊन खात्याखात्यांतून फिरावं लागतं. स्टोअर: अवजारं परत. कॅन्टीन: बाकी नाही. पतपेढी: कर्ज नाही. वसाहत: खोली रिकामी. या सह्या भरल्या की अखेरचा कागद समोर येतो, त्यावर सही कामगाराने करायची: कंपनीकडून माझं काहीही येणं उरलेलं नाही. 'पूर्ण व अंतिम' हे शब्द त्या पावतीवर आधीच छापलेले असतात. रक्कम तेवढी हाताने भरायची.